नाकाची हजेरी

आळतेवाडीत आधी मुळ्याचा वास गेला, मग लसणाचा, मग हिंगाचा. एका दिवसात गेले असते तर गावानं बोंब ठोकली असती. पण ते दोन-अडीच वर्षांत, हळूहळू, एकेका घरातून निघून गेले आणि कुणाला चुटपूट लागली नाही. मुळा मिळमिळीत लागतो तो हायब्रीड बियाण्यामुळं, लसूण बाहेरच्या देशातला, आणि हिंगात मगदूम वाणी मैदा मिसळतो, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. बिचाऱ्या मगदुमानं दुकानातल्या देवाच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली, तरी बायका हिंगाची डबी त्याच्या गल्ल्यावर आपटून शेजारच्या गावी जायच्या. तिथला हिंगही तसाच निघायचा, आणि मग तिथला वाणीही चोर ठरायचा.

सगळ्यात मोठी पंचाईत पादेलोणाची झाली. या काळ्या मिठाला हे नाव का पडलं ते पूर्वी कुणाला समजावून सांगावं लागत नसे. डबीचं झाकण उघडलं की खुलासा आपोआप व्हायचा. आता शाळेतली पोरं नाव ऐकून खिदळायची, मीठ हुंगायची आणि गप्प व्हायची. मिठाला असं नाव का पडलं ते त्यांना कळेना.

अनसूया चौगुलेच्या घरी पादेलोण जेवणात कमी आणि नवऱ्याच्या खिशात जास्त लागायचं. तिचा नवरा केरबा आठ गावांच्या सहकारी गोबरगॅस प्रकल्पावर चोवीस वर्षं कामाला होता. आठ गावांचं शेण, बाजारातला सडका भाजीपाला, हॉटेलांचं खरकटं, सगळं तिथल्या जमिनीतल्या मोठ्या टाक्यांत कुजायचं, आणि निघालेला गॅस नळानं घरोघरच्या शेगड्यांना जायचा. ट्रॅक्टरही त्यावरच चालायचे. पण कच्च्या गॅसात एक खोड असते. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणजे गंधकाचा विषारी वायू. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. तो इंजिनं कुरतडतो, नळ गंजवतो आणि माणसाला मारतो.

मारण्याची त्याची तऱ्हा विचित्र आहे. हवेत अगदी नखभर असला तरी नाकाला लगेच कळतो. मात्र फार झाला की एकदोन श्वासांत नाकाची नसच बधिर करून टाकतो. वास बंद होतो, माणसाला वाटतं संकट टळलं, आणि तेवढ्यात तो आडवा होतो. म्हणून केरबानं टाकीच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं रंगवलं होतं: ‘वास येतोय तोवर सावध. वास गेला की पळ.’

वर्षातून एकदा टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढावा लागे. कमरेला दोर बांधून उतरण्याआधी केरबा खिशातून बापाची जुनी तपकिरीची डबी काढायचा. तिच्यात तपकीर नव्हे, पादेलोण असे. त्यातही गंधकाचाच वास. तो आला म्हणजे नाक जाग्यावर आहे. सर्दीनं चोंदलेलं नाक घेऊन खाली जायचं नाही. डबी हुंगून तो मोठ्यानं “हजर” म्हणायचा, आणि वर दोर धरणारा वहीत लिहायचा, ‘नाक हजर’. याला तो नाकाची हजेरी म्हणायचा. गॅस मोजायचं यंत्र होतं, चांगलं होतं. पण यंत्र टाकीच्या तोंडाशी लटकतं आणि नाक माणसाबरोबर खाली उतरतं, असं त्याचं म्हणणं होतं.

हे सगळं तो ज्यांना शिकवायचा त्यात एक डॉक्टर ऋजुता सबनीस होत्या. तेव्हा त्या डॉक्टर नव्हत्या, पुण्याहून आलेल्या विद्यार्थिनी होत्या, आणि गॅसातला गंधक काढायची नवी रीत शोधत होत्या. जुनी रीत म्हणजे गॅस गंजलेल्या लोखंडाच्या किसातून सोडायचा. गंज गंधक धरून ठेवतो. पण कीस सारखा बदलावा लागे, आणि बाहेर काढलेला कीस हवा लागताच आपोआप तापून पेट घेई. केरबाच्या दोन्ही हातांवर त्याच्या खुणा होत्या. सबनीसबाईंनी त्या पाहिल्या आणि आठ वर्षं खपून एक जिवाणू घडवला. गंधक खाणारा, म्हणून त्याचं नाव ठेवलं गंधकाद.

“म्हंजे इरजणच की ह्ये,” अनसूया तेव्हा म्हणाली होती. बाई तिच्या सोप्यात चहा पीत बसल्या होत्या.

“अगदी तसंच, वहिनी. ओल्या भिंतीवर याचा पातळ थर धरतो. वरून गॅस गेला की त्यातला वायू हे खातात आणि पिवळा गंधक खाली टाकतात. कितीही कमी असू दे, शेवटचा कण सोडत नाहीत.”

“आणि दुसऱ्या भांड्याला लागलं तर?”

“लागलं तरी काही नाही. खायला गंधक नसला की उपाशी मरतात.”

त्या मनापासून तसं मानत होत्या. हे पुढं फार लोकांनी विसरायचं ठरवलं, म्हणून इथं सांगून ठेवलेलं बरं.

गंधकाद आले आणि प्रकल्पाची दुर्गंधी गेली. खाली पडणारी पिवळी भुकटी द्राक्षबागांवर भुरीचा रोग पडू नये म्हणून उडवायला लोक पोत्यांनी नेऊ लागले, आणि तिच्याबरोबर गंधकादही वाऱ्यावर चढले. शुद्ध गॅसला वास नसतो, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात मुद्दाम एक घाणेरडा, गंधकाचाच वास मिसळतात. तरी दोन वर्षांत गळतीची एकही तक्रार आली नाही. तक्रारवही कोरी राहिली म्हणून प्रकल्पाला ढाल मिळाली. चेअरमननी ती ऑफिसात टांगली.

अनसूयेला त्या दोन वर्षांनी वेगळंच काही दिलं. तो प्रकल्पावर लागल्यापासून ती केरबाला अंघोळीशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. परड्यात बंब पेटलेला असायचा, कामाचे कपडे परड्यातल्या खुंटीवर, आणि दोन बादल्या पाणी अंगावर घेतल्यावरच माणूस घरात. थंडीत तो कुडकुडायचा, ती खिडकीतून बघायची, पण वासापुढं तिचा इलाज नव्हता. आता तो कामावरून आला की अंगाला वास नसायचा. तो थेट आत यायचा, चुलखंडापाशी पाय पसरून बसायचा, ती भाकरी थापायची आणि दोघं बोलत राहायची. पन्नाशी उलटल्यावर तिला संसाराचं सुख असं गवसलं, आणि ती मनातल्या मनात सबनीसबाईंना दुवा द्यायची.

त्याच दिवसांत केरबाची डबी फसू लागली.

“मीठ शिळं हाय ह्ये,” तो म्हणाला. “वासच न्हाई.”

तिनं नवं आणलं. त्यालाही वास नव्हता. मगदुमाशी भांडून तिनं तिसऱ्यांदा आणलं, खलबत्त्यात ताजं कुटून दिलं. केरबानं हुंगलं, नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी टाकीची सफाई होती.

“सर्दी तर न्हाई तुमाला?” तिनं विचारलं.

“छ्या. तुझ्या भाकरीचा वास येतोय की बक्कळ.”

मग तिनं देवघरातला कापूर घेतला, चुरला, मीठ झटकून डबीत भरला आणि त्याच्या नाकापुढं धरली. “आता?”

केरबाचे डोळे पाणावले. “आयला, झिणझिण्या आल्या. नाक जाग्यावर हाय म्हणायचं.” तो हसला, डबी खिशात टाकली आणि म्हणाला, “कापूर तर कापूर. हजेरीशी मतलब.”

सकाळी दोन तास पंखा लावून टाकीतली हवा बदलली. यंत्रानं शून्य दाखवलं, आणि वरच्या हवेपुरतं ते खरंच होतं. केरबानं डबी हुंगली, “हजर” म्हणाला, वहीत नोंद झाली. तो उतरला, गाळावरची वाळली खपली त्याच्या फावड्यानं फुटली, आणि खाली कोंडलेला वायू वर आला. दोर धरणाऱ्यानं सांगितलं की केरबाभाऊ ओरडले नाहीत, खोकले नाहीत, गाणं गुणगुणत होते ते मधेच थांबलं. ओढून वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशी समितीनं त्याच्या खिशातली डबी उघडली तर आत कापूर. त्यांनी लिहिलं की मयतानं सुरक्षेच्या नियमाची थट्टा केली, मृत्यू निष्काळजीपणामुळं. ज्या माणसानं चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या जिवाला जपलं त्याला गाव आता बेफिकीर म्हणू लागलं. अनसूयेनं सगळं ऐकलं. कापूर कुणाचा ते तिला ठाऊक होतं, आणि ती महिनाभर गप्प राहिली. बोलली तर नवऱ्याचं नाव सुटत होतं, पण त्याला आपणच मारला हे तोंडानं म्हणावं लागणार होतं. तिच्यानं होईना.

महिन्यानंतर एका दुपारी सबनीसबाई आल्या. त्या वाळल्या होत्या. अहवालावर तज्ज्ञ म्हणून त्यांची सही हवी होती, आणि सही करण्याआधी त्यांना एक विचारायचं होतं. पण आधी त्यांनी पर्समधून पाच छोट्या बाटल्या काढल्या.

“वहिनी, डोळे मिटा आणि सांगा काय काय आहे.”

“लवंग,” अनसूया म्हणाली. “ह्यो कापूर.” तिनं ती बाटली पटकन बाजूला सारली. “ह्यात काय न्हाई. ह्यात बी न्हाई. ही रिकामीच हाय.”

“तिसरीत हिंग आहे. चौथीत ठेचलेला लसूण. पाचवीत सडकं अंडं.”

अनसूयेनं डोळे उघडले. पाचव्या बाटलीत हिरवट काळं पाणी होतं.

“मलाही येत नाही,” बाई म्हणाल्या. “कुणालाच येत नाही. उपाशी मरतात म्हणाले होते मी. ते मेले नाहीत, थोडक्यात भागवायला शिकले. त्यांना ओल लागते, ऊब लागते. माणसाच्या नाकात दोन्ही आहे. तिथं थर धरून बसलेत. गंधकाचा जो वास येईल, मग तो हिंगातला असो की लसणातला, तो नाकाच्या नसेपर्यंत पोचायच्या आत खाऊन टाकतात. बाकी वासांना हात लावत नाहीत.”

“पर टाकीत तर लई गॅस हुता. त्यो सगळा खाल्ला?”

“नाही. तेवढा त्यांना झेपत नाही. पण तेवढा असला की नस बधिर होते, तुम्हाला माहितीये. थोडा असला तर हे खातात, फार असला तर नाक मरतं. नाक बोलायचं ते या दोन्हींच्या मधल्या जागेत, वहिनी. ती जागाच उरली नाही.”

“नाक म्हंजे एकच दार वाटलं हुतं मला,” अनसूया म्हणाली. “एक तर उघडं, न्हाईतर बंद.”

“शेकडो दारं आहेत. कापराचं वेगळं, गंधकाचं वेगळं.” बाईंनी बाटल्या पर्समध्ये ठेवल्या. “मला हेच विचारायचं होतं. केरबादादा कधी हजेरी चुकवायचे नाहीत. मग डबीत कापूर कसा आला?”

परड्यात कोंबडी कुठंतरी ओरडत होती. अनसूयेनं पदर तोंडाशी धरला, मग काढला.

“मी घातला. मीठ शिळं निघालं म्हणून. तीनदा बदललं, तरी शिळंच.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. “मीठ शिळं नव्हतं, वहिनी.”

“तिन्ही येळेला?”

“तिन्ही वेळेला मीठ खरं होतं. ते सांगत होतं, नाक गैरहजर आहे.”

अनसूया रडली. महिनाभर माणसांपुढं रडली होती ते वेगळं आणि हे वेगळं. बाई जवळ सरकल्या, पण तिला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही. “कापूर तुम्ही घातलात आणि गंधकाद मी सोडले,” त्या एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी समितीचा कागद काढला, त्यावर सही केली नाही. दुसऱ्या कागदावर अनसूयेनं सांगितलं तसं लिहिलं: केरबा चौगुले यांनी नियमाप्रमाणे नाकाची हजेरी घेतली, हजेरी खोटी निघाली, त्यात त्यांचा दोष नाही. खाली दोघींनी सह्या केल्या.

“ह्यावर औषध?” अनसूयेनं विचारलं.

“कायमचं नाही. नाक साफ केलं तरी आठवड्यात परत धरतात. हवेतच आहेत आता. तासगावच्या पलीकडेही सापडलेत, पुण्यातही.” बाईंनी एक इवलीशी कुपी काढली. “हे प्रयोगशाळेतले थेंब. दोनअडीच तास नाक मोकळं राहतं. आतली कातडी सोलवटते, म्हणून महिनाभर परत घालता येत नाही. एक कुपी मी काल प्रकल्पावर वापरली. ही तुमच्यासाठी आणली. मी सांगते ते तुम्हाला स्वतःला पटावं म्हणून.”

थेंब नाकात गेले तशी अनसूया कळवळली. डोळ्यांतून पाणी आलं. पाच मिनिटांनी तिनं श्वास घेतला आणि ती उठून परड्यात गेली. खुंटीवर केरबाचे कामाचे कपडे होते. तिनं ते धुवायला काढले नव्हते. ती चार पावलांवरच थबकली. सडक्या अंड्यांचा तो जुना वास, बावीस वर्षं ज्याला तिनं उंबऱ्याबाहेर अडवलं होतं तो, जसाच्या तसा होता. तो गेलाच नव्हता. शेवटची दोन वर्षं केरबा तोच अंगावर घेऊन रोज चुलखंडापाशी बसत होता, आणि ती सुखानं भाकरी थापत होती. तिनं सदऱ्यात तोंड खुपसलं. ती कधीकाळी या वासाला नावं ठेवायची. आता तिला वाटलं, एवढा एक वास त्या सकाळी आला असता तर माणूस घरी आला असता.

आत वळली तेव्हा तिला दुसरा वास आला. तो शेगडीमागच्या नळातून येत होता.

“बाई,” ती म्हणाली, “माझ्या घरात गॅस गळतोय.”

शेजारच्या घरातही होता. त्याच्या पलीकडे, पाळण्यात बाळ निजलं होतं त्या खोलीतही. गल्लीच्या तोंडाशी गटारात काहीतरी मरून पडलेलं होतं आणि त्याच्या बाजूला पोरं गोट्या खेळत होती. सगळं गाव घाणीत आणि गॅसात निवांत बसलं होतं. तक्रारवही कोरी होती.

बाईंनी चेअरमनना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “आठ गावांत लग्नं आहेत, अख्खी लाइन कशी बंद करू? वास कुणाला येतोय, एका बाईला. चार हजार माणसांना येत नाही. घरं दाखवा, त्या घरांचे नळ बंद करतो.”

मग त्या दोघी निघाल्या. अनसूया पुढं, हुंगत, आणि मागून नाक नसलेल्या सबनीसबाई खडूनं दारावर फुल्या मारत. निघताना अनसूयेनं समितीनं परत दिलेल्या डबीतला कापूर झटकला होता आणि शिळं म्हणून बाजूला ठेवलेलं मगदुमाचं तेच मीठ भरून घेतलं होतं. बायका दारात उभ्या राहून बघायच्या. नवरा गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं कुणी हळू म्हणालं. काहींनी तिच्या पाठीमागं फुल्या पुसल्या. तिनं मागं वळून बघितलं नाही, कारण वेळ कमी होता. पन्नास घरं झाली, सत्तर झाली, अकरा दारांवर फुल्या पडल्या.

त्र्याहत्तरावं घर कोष्ट्यांचं. मंडपाची कनात लागली होती, आत चाळीसएक माणसं, मोठ्या शेगडीवर बुंदी पाडायची तयारी. आचारी काडेपेटी शोधत होता. अनसूया दारातून आत गेली, दीर्घ श्वास घेतला, आणि तिला काहीच आलं नाही.

ती थांबली. घर खरंच चांगलं असेल. नाहीतर थेंबांचा अंमल संपला असेल. नाहीतर तिसरं, जे केरबानं भिंतीवर रंगवलं होतं.

तिनं डबी उघडून नाकाशी धरली आणि छातीभर श्वास घेतला. काळं मीठ गप्प होतं. नाक गैरहजर आहे एवढं त्यानं इमानानं सांगितलं, पण या घरात काय आहे ते त्याला सांगता येत नव्हतं.

“अवो, जरा सगळी भायेर या,” अनसूया म्हणाली.

नवरीची आई हसून पुढं आली. “का वो अनसाक्का? वास येतोय का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “वास येत न्हाई.”

“मग झालं तर,” आचारी म्हणाला, आणि त्याला काडेपेटी सापडली.